सुशीच्या दुकानाचा हात कशात कळतो? कोहादा, आनागो, झुके, तामागो वगैरे

सुरीवाला

आपल्याकडे सुशीचा विषय निघाला की गाडी साल्मन आणि ओतोरोवर (ट्यूनाच्या पोटाचा सर्वांत चरबीदार भाग) जाऊन थांबते. दोन्ही खायला छानच. पण त्यावरून दुकानाबद्दल काही कळत नाही. ओतोरो चांगला लागला तर त्यातलं निम्मं श्रेय बाजारात मोजलेल्या पैशांचं. दुकानाचा हात कळतो तो आधी काम केलेल्या माशात, म्हणजे मिठाला लावलेल्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या, शिजवलेल्या किंवा सोया सॉसमध्ये बुडवलेल्या. तोक्योच्या एदोमाए पद्धतीची खासियत ती हीच, आणि तिथली जुनी दुकानं याच पदार्थांवर नाव राखून आहेत.

याचं कारण साधं आहे. हाताने वळलेली निगिरी (भाताच्या छोट्या मुटक्यावर मासा) १८२० च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, रूढ झाली. हानाया योहेई याला तिचं श्रेय देतात. विक्री बरीचशी रस्त्यावरच्या गाड्यांवर चालायची आणि बर्फ नव्हता. मासा टिकवायचा तर मीठ, व्हिनेगर, सोया नाहीतर आच. पुढे फ्रीज आले, तरी पद्धती राहिल्या, कारण तोवर लोकांच्या जिभेला तीच चव बसली होती.

सुरुवात कोहादापासून करतो. तारलीच्या नात्यातला, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा छोटा मासा. वाढेल तसं नाव बदलतं: शिन्को, कोहादा, नाकाझुमी, कोनोशिरो. इथे मोठा मासा स्वस्त आणि पिल्लू महाग. जुलै-ऑगस्टमध्ये येणारा पहिला शिन्को इतका लहान असतो की एका निगिरीवर दोन, तीन, कधी चार लावावे लागतात.

करायची रीत: खवले काढा, डोकं उडवा, पोटाकडून उघडा, पाठीचा काटा आणि बरगडीचे काटे काढा. मासा पुस्तकासारखा उघडा राहिला पाहिजे. रोळीत मीठ भुरभुरवा, त्यावर मासे कातडी खाली करून एका थरात मांडा, वरून पुन्हा मीठ. रोळीच हवी, कारण सुटलेलं पाणी खाली गेलं पाहिजे. ताटात ठेवलात तर मासा स्वतःच्याच वासाच्या पाण्यात बसतो. कोहादाला साधारण २० ते ४० मिनिटं, शिन्कोला जेमतेम काही मिनिटं. मग पाण्याने मीठ धुवायचं, आदल्या खेपेच्या किंवा पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये एक बुचकळी, निथळून ताज्या व्हिनेगरमध्ये १० ते २५ मिनिटं. पुन्हा निथळून फ्रीजमध्ये. त्याच दिवशी खायचा नाही. आत-बाहेर आंबटपणा सारखा व्हायला एखाद-दोन दिवस लागतात.

वर दिलेली वेळ ही फक्त चौकट आहे. हिवाळ्यातला चरबी धरलेला मासा मीठ उशिरा घेतो आणि पाणी सुटलेला मासा भराभर खारट होतो. म्हणून एकाच टोपलीतले मासे आधी आकाराने वेगळे करतात. कोहादा बिघडला की लगेच ओळखू येतो. मीठ कमी पडलं तर मांस भुसभुशीत आणि वास येणारं, व्हिनेगर जास्त झालं तर कडा खडूसारख्या पांढऱ्या आणि कोरड्या, कातडी सुटलेली. नीट जमला तर मध्यभागी अजून किंचित गुलाबी झाक असते.

बाकीचे पदार्थ एकेक करून घेऊ. जाणकारांनी भर घालावी.

---

नुसताभात

वाचनखूण साठवली. पण मालक, माशाआधी भात! काउंटरवर बसणाऱ्याचं सगळं लक्ष माशावर असतं, निगिरीचा निम्मा घास मात्र भाताचा असतो. रीत देतो.

तांदूळ आखूड दाण्याचा जपानी. कोशिहिकारी घरोघरी चालतो, पण बरेच सुशीवाले सासानिशिकी किंवा हात्सुशिमो पसंत करतात, कारण ते कमी चिकट असतात आणि तोंडात दाणा सुटा होतो. ४५० ग्रॅम तांदूळ (जपानी मापाने ३ गो) हलक्या हाताने धुवा, निथळा, भिजवण्या-शिजवण्याला मिळून ५४० मिली पाणी. रोजच्या जपानी भातापेक्षा हे कमी आहे, कारण उरलेला ओलावा व्हिनेगरमधून यायचा असतो. अर्धा तास भिजवा, शिजवा, झाकण न उघडता १० ते १५ मिनिटं वाफेवर ठेवा.

व्हिनेगर ८० मिली, मीठ १० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, विरघळेपर्यंत कोमट करा, उकळू नका. हे घरगुती, सौम्य माप. जुन्या वळणाची दुकानं साके (तांदळाची दारू) गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून केलेलं लालसर व्हिनेगर, अकाझु, वापरतात आणि साखर अगदी कमी घालतात किंवा घालतच नाहीत. त्यांचा भात फिकट तपकिरी दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला सोया सांडल्यासारखं वाटतं.

भात वाफाळता असतानाच ओल्या फडक्याने पुसलेल्या हांगिरीत (पसरट लाकडी टोपात) उलटायचा आणि लगेच व्हिनेगर ओतायचं. गरम दाणा व्हिनेगर आत ओढतो, कोमट झाला की ते नुसतं बाहेर चिकटतं. उलथणं तिरकं धरून भात कापत जायचं, कालवायचं नाही. मिनिटभर असं केल्यावर मग पंखा. ओतल्या ओतल्या पंखा मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, कारण त्याने वरचा दाणा थंड होऊन व्हिनेगर घेणं थांबवतो. पंख्याचं काम दाण्यावरचा जादा ओलावा उडवून चकाकी आणणं एवढंच. एकदा उलटवा, पुन्हा पंखा, मग ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा.

वळताना भात अंगाइतका ऊबदार हवा, ३६-३७ अंशाच्या आसपास. फ्रीजमध्ये तर अजिबात नको. स्टार्च घट्ट होऊन दाणा कडक होतो, मग वर कितीही महागडा मासा ठेवा.

---

खाडीकाठची

इंद्रायणी चालेल का? आणि हांगिरीऐवजी परात?

---

नुसताभात

@खाडीकाठची, घरच्या माकीला (शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या सुशीला) इंद्रायणी चालतो, निगिरीला अडचण येते. तो चिकट होतो खरा, पण दाणा लवकर मोडतो आणि त्याचा स्वतःचा वास व्हिनेगरवर कुरघोडी करतो. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी करा, नाहीतर खीर होईल. बासमती, कोलम विसरा, त्यांचा दाणा दाण्याला धरतच नाही.

परातीत फक्त एक तोटा: धातू जादा पाणी शोषत नाही, तळाला व्हिनेगरचं तळं साचतं. लाकडी काथवट असेल तर ती घ्या, मात्र तिला कणकेशिवाय कशाचा वास नको. परातच असेल तर व्हिनेगर ७० मिलीवर आणा आणि दोन खेपांत घाला.

---

रसायनशाळा

कोहादात आधी मीठ, मग व्हिनेगर हा क्रम उलटला तर काय होतं, ते सांगतो. माशाच्या स्नायूतलं मायोसिन नावाचं प्रथिन नुसत्या आम्लात फुगतं आणि सैल पडतं. मिठाच्या सोबतीने आम्ल भेटलं तर तेच गोठून घट्ट होतं. म्हणून मिठाशिवाय व्हिनेगरमध्ये टाकलेला मासा लिबलिबीत होतो आणि आधी मीठ खाल्लेला मासा चावायला करकरीत. बारीक काटे आम्लाने मऊ पडतात हा वरचा फायदा.

कोबुजिमेची गोष्टही अशीच रंजक. हिरामे किंवा ताई यांसारख्या पांढऱ्या माशाच्या पट्टीला हलकं मीठ लावून १५-२० मिनिटं ठेवतात, सुटलेलं पाणी टिपतात, साकेने पुसून मऊ केलेल्या कोंबूच्या (जाड समुद्री शेवाळाच्या) दोन पानांत दाबून गुंडाळतात. पातळ काप असतील तर दोन-तीन तास, अख्खी पट्टी असेल तर रात्रभर. कोंबू माशातलं पाणी ओढतो आणि आपलं ग्लुटामेट माशाला देतो. माशात इनोसिनेट असतंच. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, पटीने वाढते. इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये कोंबूतलं ग्लुटामेट ओळखलं, कोदामा शिंतारो यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतलं (वाळवलेल्या माशातलं) इनोसिनेट. सुशीवाले ही जोडी अर्थातच त्याआधीपासून वापरत होते.

फार वेळ ठेवलात तर मासा पिवळट, चामट होतो आणि तोंडात फक्त समुद्री शेवाळ राहतं.

---

खाडीकाठची

मग एक सरळ प्रश्न. बंदरावरून ताजा फडफडीत बांगडा आणला, हीच मीठ-व्हिनेगरची रीत केली, तर शिमेसाबासारखं होईल ना? आणि रावसाला 'इंडियन साल्मन' म्हणतात, त्याची निगिरी?

---

सुरीवाला

दोन्हीला स्पष्ट नाही.

रावस आणि साल्मन यांचा काडीचा संबंध नाही. ते फक्त इंग्रजी बाजारी नाव आहे. कुळ वेगळं, चरबी वेगळी, पोत वेगळा. रावस तव्यावर राजा आहे, त्याला तिथेच राहू द्या.

बांगड्याचं प्रकरण जास्त गंभीर. शिमेसाबा करताना साबाला (बांगड्याच्या नात्यातला जपानी मासा) मिठात जवळजवळ पुरून तास-दोन तास किंवा जास्त ठेवतात, मग व्हिनेगरमध्ये अर्धा ते एक तास. पण व्हिनेगर, मीठ, वासाबी यांतल्या कशानेही अनिसाकिस नावाची अळी मरत नाही. तिला मारायला नीट शिजवणं किंवा गोठवणं हे दोनच उपाय. जपानी आरोग्य खातं सांगतं उणे २० अंशावर २४ तासांहून जास्त. युरोपचा नियमही उणे २० वर २४ तासांचा. अमेरिकेत उणे २० वर ७ दिवस, किंवा उणे ३५ वर घट्ट गोठवून तिथेच १५ तास. हे तापमान माशाच्या मध्यभागी हवं, फ्रीजरच्या काट्यावर नव्हे. घरातला फ्रीजर उणे १८ ला चालतो, दार उघडझाप झाली की त्याहून वर.

---

रसायनशाळा

त्यात भर. अळी गोठवून मरेल, हिस्टामिन जाणार नाही. बांगडा, सुरमई, कुप्पा, ट्यूना अशा माशांत हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की गोठवून, शिजवून, आंबटात घालून, कशानेही निघत नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं ही त्याची लक्षणं, आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. म्हणून कच्च्या माशात प्रश्न 'आज आणला का' हा नसून 'पकडल्यापासून सलग शून्याच्या आसपास होता का' हा आहे. आपल्याकडे बोट बरेच दिवस समुद्रात असते, मासळी बर्फाच्या थराखाली. कालवणाला उत्तम. कच्ची खायची तर वेगळी साखळी लागते.

नदी-तलावातला मासा (रोहू, कटला वगैरे) कच्चा खाण्याचा विचारही नको, त्यातले कृमी वेगळे आणि जास्त त्रासदायक. आणि 'सुशी ग्रेड' हा शिक्का पाहून हुरळू नका. तो विक्रेत्याचा शब्द आहे, त्याला कायद्याची व्याख्या नाही. विचारायचं ते एवढंच: किती अंशावर, किती वेळ गोठवला?

---

ओसाकाकर

धागा भारीच, पण सगळी सुशी तोक्योच्या दारात नेऊन बांधू नका, मालक. ओसाकाची ओळख दाबलेली सुशी आहे. मुरवलेला साबा, लाकडी साच्यात भात, वर पारदर्शक पातळ पांढरा कोंबू, दाबून काप करायचे: बात्तेरा. ही वळल्या क्षणी खायची नसते, काही तास मुरली की जास्त चांगली. आणि त्याहून जुनं बघायचं तर शिगा प्रांतात बिवा सरोवराकाठी फुनाझुशी. मासा मिठात आणि मग भातात महिनोन् महिने आंबवलेला. वास झेपला तर चव लागते.

आता आनागोवर (वामवर्गातला समुद्री मासा) लिहितो, कारण त्याला इकडेही मान आहे. आपल्याकडच्या बाजारातली वाम ही क्योतोच्या हामोच्या जवळची, तिच्यात बारीक काट्यांचं जाळं असतं. हामोला म्हणूनच कातडी न तोडता मिलिमीटर-मिलिमीटरवर सुरीने चिरा देतात. आनागो वेगळा, मऊ आणि नाजूक. उनागी तिसरीच, नदीत वाढणारी. या वामवर्गाच्या रक्तात विष असतं, ते शिजवल्यावर नष्ट होतं. आनागो-उनागी नेहमी शिजवलेली दिसते त्याचं हेही एक कारण. साफ करताना रक्त डोळ्यात उडू देऊ नये.

रीत: उघडलेल्या माशाच्या कातडीवर उकळतं पाणी ओतायचं. बुळबुळीत थर पांढरा होतो, तो सुरीच्या पाठीने खरवडून काढायचा. हे टाळलं तर सगळ्या रश्शाला चिखलाचा वास. मग १ लिटर पाणी, २०० मिली साके, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि सोया प्रत्येकी १०० मिली, साखर १०० ग्रॅम. यात किलोभर आनागो कातडी खाली करून एका थरात, वर भांड्याच्या आत बसणारं लाकडी झाकण, मंद आचेवर २०-२५ मिनिटं. खळखळ उकळलं तर कातडी फाटते आणि मासा वाकडा होतो. आच बंद केल्यावर त्याच रश्शात थोडा निववायचा, मग झाऱ्याने अलगद उचलायचा. चिमट्याने धरलात तर हातात अर्धाच येईल.

उरलेला रस्सा फेकायचा नाही. गाळून, भाजलेली डोकी-काटे घालून, साखर-सोया थोडी वाढवून काकवीइतका दाट होईपर्यंत आटवतात. हे नित्सुमे. निगिरीवर तेच ब्रशने लावतात, म्हणून आनागोला सोया लावायचा नसतो. समोर सोयाची वाटी दिसली म्हणून बुडवू नका.

---

सुरीवाला

@ओसाकाकर, बात्तेरा मान्य. तोक्योचा हट्ट नाही, पण निगिरीवर बोलताना एदो टाळता येत नाही.

आता मागुरो, म्हणजे ट्यूना. गंमत अशी की एदो काळात ट्यूना हलका मासा समजला जायचा आणि चरबीचा भाग तर टिकतच नसल्याने टाकाऊ. खाल्ला जायचा तो लाल अकामी, तोही सोयामध्ये बुडवून. तोरोचा थाट विसाव्या शतकातला, शीतगृहानंतरचा. आज उलटी गंगा आहे. तोक्योच्या तोयोसू बाजारात जानेवारी २०१९ च्या पहिल्या लिलावात ओमा बंदराचा २७८ किलोचा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. ही किंमत जाहिरातीची, माशाची नव्हे, हे उघडच आहे.

झुके (सोयामध्ये मुरवलेला ट्यूना) हा अकामीचा खरा दागिना. निकिरी आधी करून ठेवा: १ भाग साके, १ भाग मिरिन उकळून दारूचा वास उडवायचा, ५ भाग सोया घालायचा, कडेला बुडबुडे आले की बंद. सोया खळखळला की सुगंध जातो. थंड करा.

जुनी रीत अशी: अकामीच्या लादीवर फडकं टाकून उकळतं पाणी ओता, पृष्ठभाग पांढरा झाला की लगेच बर्फाच्या पाण्यात, कोरडी पुसा, मग निकिरीत काही तास ते रात्रभर. तो पांढरा थर सोयाला एकदम आत शिरू देत नाही, म्हणून लादी बाहेरून खारट न होता आतपर्यंत मुरते. आजची झटपट रीत म्हणजे काप करून ५ ते १० मिनिटं बुडवणं. बरी असते, पण १० च्या पुढे गेलात तर कापाचा रंग काळवंडतो आणि तो चिवट होतो.

गोठवलेला ट्यूना वितळवण्यातच बहुतेकांचं चुकतं. फ्रीजमध्ये नुसता ठेवून दिला की तपकिरी पडतो आणि पाणी सोडतो. ४० अंशाच्या पाण्यात ३ ते ४ टक्के मीठ, त्यात लादी एक-दोन मिनिटं, बाहेरून नरम आणि आत गोठलेली असताना काढायची, नीट पुसून कागदात गुंडाळून फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात काही तास. रंग उघड्या हवेत हळूहळू उजळतो. साठवण मात्र उणे ६० ची लागते. उणे १८-२० ला लाल मायोग्लोबिन हळूहळू तपकिरी होतंच, म्हणून घरच्या फ्रीजरमधली लादी काही आठवड्यांत मातकट दिसते.

ओतोरोबद्दल एकच सांगतो: फ्रीजमधून काढून थेट वळलेला असेल तर तो जिभेवर मेणासारखा बसतो. चांगला दुकानदार काप आधी थोडा बाहेर ठेवतो.

---

डाळभात_लोणचं

साल्मनला एवढं का डावलताय? तोक्योत सगळीकडे मिळतो की.

---

ओसाकाकर

मिळतो, खपतोही प्रचंड, पण तो मागाहून आलेला पाहुणा आहे. जपानच्या समुद्रातल्या जंगली साल्मनमध्ये अनिसाकिस असल्याने तो भाजून किंवा खारवून खायची पद्धत. उत्तरेत होक्काइदोला ऐनू लोकांचं रुइबे आहे, पण तेही गोठवलेलंच. कच्चा साल्मन आणला १९८० च्या दशकात नॉर्वेने, त्यांच्याकडचा पाळीव मासा खपवायला. फिरत्या पट्ट्यांच्या दुकानांनी तो उचलून धरला. तो पट्टाही आमच्याकडचाच बरं का. शिराइशी योशिआकी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ पहिलं तसं दुकान काढलं.

त्यामुळे जुन्या वळणाच्या दुकानात साल्मन यादीत नसेल तर रुसू नका.

---

शाकाहारी_पण_हावरट

आम्ही फक्त वाचून पोट भरायचं का? मला तोक्योला काकडीच्या पुढे काय?

---

नुसताभात

अहो, तुमच्यासाठी तर एदोमाएचा अस्सल पदार्थ आहे: काम्प्यो माकी. काम्प्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या गोल, सहा-सात किलोच्या भोपळ्याची सोलून काढलेली लांब पट्टी, उन्हात वाळवलेली. जपानात होणारा जवळपास सगळा माल तोचिगी प्रांतातला. जुन्या जेवणात शेवटचा घास म्हणून हीच माकी मागतात.

३० ग्रॅम पट्ट्या धुवा, चमचाभर मीठ लावून चोळा, पुन्हा खळखळून धुवा. बाजारात पांढरा शुभ्र काम्प्यो मिळतो तो गंधकाच्या धुरीचा, तो नीट धुतला नाही तर वास राहतो. पिवळसर, धुरी न दिलेलाही मिळतो. ८-१० मिनिटं उकळा. नख सहज रुतलं की पुरे. मग ३०० मिली कोंबू किंवा शिताकेचं (जपानी अळंबीचं) पाणी, ३ मोठे चमचे साखर, ३ सोया, १ मिरिन यात रस जवळजवळ आटेपर्यंत. उकळताना कमी शिजला तर नंतर साखर-सोयात कितीही ठेवा, रबरच राहणार, कारण साखर गेली की पट्टी आणखी मऊ होत नाही.

मात्र जपानात 'भाजीची' म्हणून जे येतं त्यात कात्सुओबुशीचं म्हणजे माशाचं पाणी असू शकतं. दुकानातला काम्प्यो, इनारीची तळलेली टोफूची पिशवी, मिसो सूप, तामागो (अंड्याचं ऑम्लेट), सगळ्यातच. कडक पाळणाऱ्यांनी जागा राखतानाच 'कात्सुओ दाशी चालणार नाही' असं कळवावं. काउंटरवर बसल्यावर सांगून उपयोग नसतो, पाणी सकाळीच झालेलं असतं. तुलनेने निर्धोक म्हणजे कप्पा (काकडी), शिसोचं पान आणि उमेची (खारवलेल्या आंबट फळाची) माकी, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन). नात्तोच्या पाकिटातल्या सॉसमध्ये मात्र मासा असतो बहुतेक वेळा. ओशिन्को, म्हणजे मुळ्याचं पिवळं लोणचं, विचारून घ्यावं.

---

खाडीकाठची

तामागोवर कोणी लिहीलच. 'आधी तामागो मागवा, दुकान कळेल' असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरं का?

---

सुरीवाला

अर्धवट खरं. बरीच दुकानं तामागो बाजारातल्या खास तामागो करणाऱ्यांकडून तयार घेतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग परीक्षा कोणाची झाली? आधी विचारा, घरचा आहे का. घरचा असेल तर जरूर मागवा, आणि तोही शेवटी, सुरुवातीला नव्हे.

प्रकार दोन. एक थर गुंडाळत केलेला, दाशी घातलेला, रसरशीत. दुसरा जुना, केकसारखा, कोळंबीचा लगदा घातलेला. या दुसऱ्यात कौशल्य जास्त. साधारण माप: ८ अंडी, १५० ग्रॅम सोललेली छोटी कोळंबी, ८० ग्रॅम किसलेला यामाइमो (चिकट जपानी कंद), ९०-१०० ग्रॅम साखर, मिरिन-साके मिळून ८० मिली, सोया थेंबभर, चवीला मीठ. कोळंबी आतून रेघा असलेल्या मातीच्या खलात चोपडी होईपर्यंत वाटायची, मग यामाइमो, मग साखर, मग अंडी एकेक करून. एकदम घातली तर लगदा फुटतो आणि गुठळ्या होतात. चौकोनी तांब्याच्या तव्यात, अगदी मंद आचेवर, वरूनही हलकी आच, पाऊण ते एक तास. आच वाढली की आत जाळी पडते. मधोमध कच्चा असताना काढला तर निवताना बसतो. सुरी फिरवल्यावर काप गुळगुळीत दिसला, एकही छिद्र नाही, तर समजा जमला.

---

रसायनशाळा

अवांतर, पण वासाबीवर दोन ओळी. नळीतला किंवा भुकटीचा हिरवा गोळा बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग. खरा वासाबी किसल्यावरच तिखट होतो. पेशी फुटल्या की एन्झाइमने तो झणका तयार होतो आणि १५-२० मिनिटांत उडून जातो. म्हणून बारीक, शक्यतो शार्कच्या कातडीच्या किसणीवर, गोल फिरवत, लागेल तेवढाच किसतात. दुकानदाराने निगिरीत आधीच लावलेला असतो, सोयात कालवून चिखल करायची गरज नाही. चरबीच्या माशाला जास्त लागतो, कारण चरबी झणका गिळते.

गारी (आल्याचं लोणचं) मधेमधे खायचं, माशावर ठेवून नव्हे. कोवळ्या आल्याचा गुलाबी रंग व्हिनेगरमध्ये आपसूक येतो, फार भडक गुलाबी असेल तर रंग घातलाय.

---

डाळभात_लोणचं

गाबोळीवाल्या निगिरीबद्दल राहिलं. इकुरा घरी करता येते म्हणतात.

---

ओसाकाकर

साल्मनची ताजी, पडद्यासकट गाबोळी मिळाली तर येते. ४० अंशाच्या ३ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून बोटांनी दाणे सोडवायचे. पडदा आकसतो आणि दाणे सुटतात. साधं पाणी वापरलं किंवा ढवळताना दाणे पांढरट झाले तर घाबरू नका, मीठ-सोयात गेल्यावर पुन्हा पारदर्शक होतात. पडद्याचे धागे निघेपर्यंत दोन-तीनदा पाणी बदला, रोळीत चांगलं निथळा, थंड निकिरीत रात्रभर. निथळण्यात घाई केली तर सोया पातळ होतो आणि दाणे फिके लागतात. अळीचा नियम गाबोळीलाही लागू, गोठवून घ्या. दाणे गोठवणं सहन करतात.

उनीला (सी अर्चिनची गाबोळी) एक सूचना. लाकडी पेटीतल्या उनीचा आकार टिकावा म्हणून तुरटी वापरतात, ती जास्त झाली की मागाहून कडवट लागतं. लोक समजतात उनीच तसा. मिठाच्या पाण्यात ठेवलेला, तुरटीविना उनी एकदा मागून बघा. भाताभोवती नोरीची (वाळवलेल्या शेवाळाच्या पानाची) उभी पट्टी लावायची ही गुंकान पद्धत १९४१ मध्ये तोक्योच्या गिंझा भागातल्या एका दुकानात सुरू झाली असं मानतात, त्याआधी असले पातळ-सुटे पदार्थ निगिरीवर बसवणंच अवघड होतं.

---

शाकाहारी_पण_हावरट

काम्प्यो मागवलाय. आता माकी वळताना नोरी चामट होते आणि कापताना सगळं बाहेर येतं, त्याचं काय?

---

नुसताभात

नोरी आधी आचेवरून दोन-तीनदा फिरवून कडकडीत करा, दोन पानं एकत्र धरायची. रंग काळ्याचा हिरवट झाला की बस. बारीक माकीला पूर्ण पानाचं आडवं अर्धं, म्हणजे साधारण १९ बाय १०.५ सेंमी. चकचकीत बाजू चटईकडे. भात ८० ग्रॅम, दाबायचा नाही, बोटांच्या टोकांनी पसरायचा, पलीकडची एक सेंमी कड मोकळी. काम्प्योचा रस पिळून घ्या. बाहेर येणारं सारण बहुतेक वेळा ओल्या सारणामुळेच येतं. भाताच्या अलीकडच्या कडेवर पलीकडची भाताची कड नेऊन टेकवायची, मग एकदाच चटई दाबायची, पुन्हापुन्हा नाही.

सुरी लांब आणि धारदार, प्रत्येक कापाआधी ओल्या फडक्याने पुसलेली. खाली दाबू नका, पुढे ढकलून मागे ओढा. काकडी आणि ट्यूनाच्या माकीचे सहा तुकडे करतात, काम्प्योचे चार. भात कोमट असताना वळलात तर पाच मिनिटांत खा, नाहीतर वाफेने नोरी पुन्हा चामट. डब्यात न्यायची असेल तर भात पूर्ण निवू द्या आणि चामट नोरी गृहीत धरा, त्याला इलाज नाही.